सिम्फनी ऑर्केस्ट्राचा हंगाम आणि ऑपेरा : पिटात कोण बसतं, पट्टी कोण देतं, पाऊस काय करतो

पांढरी_सहा (धागाकर्ता)

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्याकडे गणेशोत्सवातलं स्टेज, ऑक्टोपॅड आणि चकचकीत कोटातला निवेदक आठवतो. हा धागा त्याचा नाही (त्याचाही एक निघायला हवा). इथे बोलायचंय ते साठ-ऐंशी वादकांच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल, आणि त्याचा मैफली-ऑपेरांचा हंगाम प्रत्यक्षात कसा बांधला जातो त्याबद्दल.

उदाहरण घरचंच घेऊ. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यांचे चिरंजीव, कंडक्टर झुबिन मेहता, यांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. पण पगारी, व्यावसायिक ऑर्केस्ट्रा मुंबईला मिळाला तो २००६ साली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. काही वादक कायमचे मुंबईत, बाकीचे हंगामापुरते बाहेरून येणारे, अशी त्याची घडण आहे. मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आगेमागे. जागा म्हणजे १९९९ साली उघडलेलं, अकराशेच्या आसपास खुर्च्यांचं जमशेद भाभा थिएटर.

प्रेक्षक विचारतो, 'यंदा काय वाजवणार?' आतली माणसं विचारतात, 'यंदा कोण कोण लागणार?' कार्यक्रम बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतो. म्हणून सुरुवात वादकांच्या आकड्यांपासून करूया. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

हिशोबनीस

आकडे वाचायची एक रीत आहे, ती आधी सांगतो. कुठल्याही सिम्फनीच्या माहितीत '२-२-२-२ / ४-२-३-१' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिले चार आकडे लाकडी सुषिर वाद्यांचे : फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून. पुढचे चार पितळी : हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. त्यानंतर टिंपनी (मोठे नगारे), तालवाद्यं, हार्प. व्हायोलिन ते डबल बास ही तंतुवाद्यं शेवटी.

बीथोवनची सातवी सिम्फनी २-२-२-२ / २-२-०-० आणि टिंपनी. ड्वोर्झाकची नववी २-२-२-२ / ४-२-३-१, टिंपनी आणि तालवाद्यं. म्हणजे सातवीच्या मानाने दोन हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि एक तालवादक, अशी सात माणसं जास्त. त्यात ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात, तोही मोजक्या स्वरांपुरता. झांजेला शेवटच्या भागात एकच ठोका, तिसऱ्या भागातला ट्रँगल धरला तरी त्या माणसाचं काम दोन-चार मिनिटांच्या वर जात नाही. पण ट्यूबावाला बाहेरून आणायचा तर विमान, हॉटेल, भत्ता पूर्णच द्यावा लागतो. स्वरांवर भाडं ठरत नाही.

म्हणून शहाणा नियोजक आठवडे एकमेकांत गुंतवतो. ऑपेरासाठी हार्प, इंग्लिश हॉर्न आणि ट्रॉम्बोन येणारच असतील, तर त्याच मुक्कामात हार्प आणि ट्रॉम्बोन लागणारी रिम्स्की-कोर्साकोवची 'शेहेराझाद' लावायची. उलट त्या आठवड्यात मोझार्टची सिम्फनी लावली तर अर्धे पाहुणे हॉटेलात बसून राहतात.

तंतुवाद्यांची मोजणी १४-१२-१०-८-६ अशी : पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, डबल बास. मोठ्या कामांना १६ पासून सुरुवात. ऑपेराच्या पिटात, म्हणजे मंचापुढच्या खोलगट जागेत, १०-८-६-६-४ हा चांगला आकडा.

कोमल_निषाद

पिटात एकूण किती माणसं मावतात? आणि ते मंचाखाली का बसवतात? आवाज दबत नाही का?

विंगेतला

पिटाचा हिशोब चौरस मीटरवर. स्टँड धरून एका वादकाला साधारण दीड चौरस मीटर. टिंपनी आणि तालवाद्यं जास्त जागा खातात, हार्पही खाते.

पुचिनीच्या 'ला बोहेम' या ऑपेराचं घ्या. फ्लूट दोन आणि पिकोलो, ओबो दोन आणि इंग्लिश हॉर्न, क्लॅरिनेट दोन आणि बास क्लॅरिनेट, बसून दोन : हे अकरा. हॉर्न चार, ट्रंपेट तीन, ट्रॉम्बोन चार (बास धरून) : आणखी अकरा. हार्प, टिंपनी, तीन तालवादक : पाच. तंतुवाद्यं १०-८-६-६-४ म्हणजे चौतीस. एकूण एकसष्ट, म्हणजे नव्वदेक चौरस मीटर. जागा कमी पडली की पहिली कात्री तंतुवाद्यांना लागते, कारण चार हॉर्नचे तीन करता येत नाहीत, चौथ्याचा स्वर नाहीसा होतो. आणि तिथेच घात होतो. व्हायोलिनं आठ-सहावर आणली तरी ट्रॉम्बोन चारच राहतात, आणि पुचिनीची गाण्याखालून वाहणारी व्हायोलिनची ओळ पितळाखाली गाडली जाते. त्यापेक्षा कमी वाद्यांसाठी रीतसर उतरवलेली आवृत्ती घ्यावी.

आवाज दबतो, तो दबावा म्हणूनच खाली बसवतात. गायकाला माइक नसतो. तरी तो साठ वाद्यांवरून ऐकू येतो, कारण ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा जोर खालच्या कंपनांत जास्त असतो आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपास तो बराच उतरलेला असतो. तयार गायकाच्या आवाजात नेमका तिथे उंचवटा असतो. गायक जास्त जोर लावत नसतो, मोकळ्या गल्लीतून निघून जातो.

आपल्या संगीत नाटकाशी तुलना हमखास होते, म्हणून सांगतो. माइक येण्यापूर्वी तिथेही गाणारे नट मागच्या रांगेपर्यंत पोचायचे, पण साथीला ऑर्गन, सारंगी, तबला एवढंच. पद आणि मधलं गद्य वेगळं. पुचिनीत गद्य नाहीच, सगळं गातच बोलायचं, तेही अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून.

सेकंड_डेस्क

पिटाचं आणखी एक. तिथे आवाज साचतो. व्हिओलांच्या मानेमागे ट्रंपेट आले तर तीन तासांत कान शिणतात. मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकचे पडदे लावतात, पण ते कानाच्या अगदी मागे हवेत. दूर लावले तर उपयोग शून्य, शिवाय परावर्तनाने ट्रंपेटवाल्यालाच त्रास. कानात घालायचे बोळे साधे फोमचे नकोत, ते वरचे स्वर खातात आणि वादक नकळत जास्त जोरात वाजवायला लागतो. संगीतकारांसाठीचे, सगळ्या पट्ट्यांत सारखा आवाज कमी करणारे मिळतात.

आता धागाकर्त्याच्या नावाबद्दल. सुरुवातीला ओबो जो 'ए' देतो तो आपली पेटीवरची पांढरी सहा. ४४० हर्ट्झ, बरेच ऑर्केस्ट्रा ४४२ धरतात. ओबोच का? त्याचा आवाज टोकदार, गर्दीतून ऐकू येणारा, आणि त्याचा स्वर ऐनवेळी फारसा हलवता येत नाही. जो वाकत नाही त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं! मंचावर पियानो असेल तर मात्र पियानोचाच 'ए' धरतात, कारण तो तर अजिबात वाकत नाही.

पांढरी_सहा

हे नाव घेताना एवढा विचार केला नव्हता असं म्हणायचा मोह होतोय, पण केला होता. :)

पावसाचं कुणीतरी नीट लिहा. सप्टेंबरचा हंगाम म्हणजे पावसाची शेपटी.

सेकंड_डेस्क

लिहितो, सविस्तर, कारण इथे चुकीचे सल्ले फार फिरतात.

व्हायोलिन घराण्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात मुंबईची हवा ८०-९० च्या घरात. लाकूड पाणी पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. परिणाम क्रमाने असे :

खुंट्या भोकांत फुगून अडकतात. जोर लावून फिरवली की एकदम सुटते आणि तार तुटते. खुंटी काढून तिला खास मलम लावायचं; ते नसेल तर कोरडा साबण आणि खडू, साबण फिरण्यासाठी, खडू पकडीसाठी. तेल कधीही नाही.

वरची फळी फुगून उचलली जाते, घोडी (तारा पेलणारा लाकडी तुकडा) वर येते, तारा बोटं ठेवायच्या पट्टीपासून लांब जातात. बोटं दुखू लागतात आणि वादक स्वतःच्या रियाजाला दोष देतो. चेलोवाले म्हणूनच दोन घोड्या ठेवतात, पावसाळी आणि कोरड्या हवेची. दोन्हींच्या उंचीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचाच फरक असतो.

फळी आणि कडा यांचा सांधा उकलतो. लक्षण : एखाद्या स्वरावर भुणभुण. कडेने बोटाच्या पेराने टकटक करत जा, उकललेल्या जागी आवाज पोकळ येतो. हा सांधा सरसाने जोडलेला असतो आणि ताण आला की त्याने सुटावं हीच अपेक्षा आहे. तो सुटला नाही तर फळीला चीर जाते. म्हणून कारागिराकडून पुन्हा सरसच लावून घ्यायचा. फेव्हिकॉल लावलेलं व्हायोलिन पुढच्या वेळी उघडताना लाकूड घेऊन निघतं.

गजाचे केस ओलाव्याने लांबतात. वाजवताना स्क्रू नेहमीपेक्षा जास्त आवळावा लागतो, आणि तसाच ठेवून वातानुकूलित हॉलमध्ये गेलं की केस आखडून गज वाकडा होतो. वाजवून झालं की सैल करायचाच.

सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर नव्वद टक्के आणि आत कोरडी एसीची हवा, अशी दिवसातून चार वेळा ये-जा. वाद्य आत आणल्यावर त्याची पेटी लगेच उघडू नये. अर्धा तास बंदच ठेवावी. हॉलचा एसी तालमीआधी दोन तास तरी सुरू हवा आणि तालमीचं तापमान मैफलीच्या तापमानाइतकंच हवं. हॉल तापला की फुंकायच्या वाद्यांचा स्वर चढतो आणि तारांचा उतरतो. दोघं विरुद्ध दिशेला जातात, मग ओबोने कितीही वेळा 'ए' दिला तरी भागत नाही.

मडगावकर

कपाटात १५ वॉटचा बल्ब लावून वाद्यं ठेवायची रीत गोव्यात आणि गिरगाव-वांद्र्याच्या जुन्या घरांत आहे. पावसाळ्यापुरती ठीक. पण बल्ब तळाशी आणि वाद्यापासून हातभर लांब हवा, कपाटाला वरून हवा जायला भोकं हवीत, आणि आत आर्द्रता दाखवणारं यंत्र असू द्या. नोव्हेंबरात बल्ब काढायला विसरलात तर कपाटच भट्टी होतं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर : मुंबईत स्वरलिपी वाचून वाजवणारे वादक आले कुठून, हे या धाग्यात यायला हवं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपीवाचन, सोल्फेज (स्वरनावं घेत गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं पुढे मुंबईच्या हॉटेलांत, फिल्म स्टुडिओंत आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी १९५८ साली भारतीय राग आणि मोठा ऑर्केस्ट्रा एकत्र आणण्यासाठी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढे सिंथेसायझर आला, स्टुडिओतली व्हायोलिनं गेली, आणि ज्या कामावर हे वादक पोट भरून हौसेने सिम्फनी वाजवत ते कामच आटलं. २००६ साली इतके वादक बाहेरून का आणावे लागले, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हिशोबनीस

+१. उरलेलं निम्मं म्हणजे ओबो, बसून, हॉर्न, व्हिओला. व्हायोलिनवादक निदान सापडतो. ओबोची डबल रीड बांबूसारख्या बोरूतून हाताने तासून करावी लागते, एक रीड वाजवून वाजवून दहा-वीस तासांत दमते, आणि ती तासायला शिकवणारा गुरू गावात नसेल तर ओबोवादक तयारच होत नाही.

बोरूबहाद्दर

सगळे वाद्यांबद्दल बोलताहेत. कागदांबद्दल कुणी बोलणार नाही म्हणून मी.

कंडक्टरपुढे असतो तो स्कोअर, त्यात सगळ्यांच्या ओळी. वादकांपुढे फक्त आपापले पार्ट. तंतुवाद्यांत दोघांना मिळून एक स्टँड, म्हणजे १४ व्हायोलिनांना सात प्रती. एका सिम्फनीचा संच पन्नासेक पुस्तकांचा होतो. ऑपेराचा पार्ट म्हणजे दीडशे पानांचं बाड.

हक्काचं गणित : भारतात रचनाकाराच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. पुचिनी १९२४ साली गेले, ते केव्हाच मोकळे. प्रोकोफिएव १९५३, म्हणजे २०१३ अखेर सुटले. शोस्ताकोविच १९७५, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत परवानगी आणि भाडं दोन्ही. मोकळ्या रचनेचेही चांगले छापील पार्ट विकत किंवा भाड्याने घ्यावेच लागतात. इंटरनेटवरचे जुने स्कॅन फुकट असतात, पण त्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या चुका तशाच्या तशा असतात.

काम असं चालतं. पहिल्या तालमीच्या निदान सहा आठवडे आधी कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवर गजाच्या खुणा करतो, गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर. त्यावरून दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, बास यांचे प्रमुख आपापल्या खुणा जुळवतात. मग ग्रंथपाल त्या खुणा प्रत्येक प्रतीत पेन्सिलीने उतरवतो. पेन्सिल २बी. भाड्याचे पार्ट खोडून परत द्यायचे असतात, शाईला दंड.

चुका कुठे होतात?

एक : स्कोअर एका प्रकाशकाचा, पार्ट दुसऱ्याचे. तालमीत जागा सांगायला छापलेली अक्षरं असतात; कंडक्टर म्हणतो 'अक्षर के पासून', वादकांकडे 'के' भलतीकडेच. किंवा स्कोअरला मात्रांच्या घरांचे क्रमांक आणि पार्टला अक्षरं. तालमीची वीस मिनिटं शोधण्यात जातात. साठ माणसांची वीस मिनिटं म्हणजे वीस माणूस-तास. पार्ट मागवतानाच आवृत्ती जुळवा.

दोन : ऑपेरातली कात्री. दिग्दर्शक आणि कंडक्टर काही घरं गाळायचं ठरवतात. ती प्रत्येक पार्टमध्ये बंद करायची असतात, नुसती काट मारून नव्हे तर कागद डकवून किंवा क्लिप लावून, कारण पिटात स्टँडवर मिणमिणता दिवा असतो. एका हॉर्नच्या पार्टमध्ये राहून गेलं तर प्रयोगात तो एकटाच पुढे वाजवत सुटतो.

तीन : पान उलटणं. आतल्या बाजूचा वादक उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. फोटोकॉपी करताना डावं-उजवं पान सरकलं तर विश्रांतीच्या जागी असलेलं उलटणं नेमकं धावत्या ओळीत येतं.

कोमल_निषाद

गज एकदम वर-खाली का जातात हे आज कळलं. कवायतीसारखं शोभेसाठी असेल असं वाटायचं.

तालमी किती होतात? आपल्याकडे मैफलीला तालीम म्हणजे तबलजीला 'मध्यलय झपताल' एवढं सांगणं.

विंगेतला

सिम्फनीच्या कार्यक्रमाला अडीच-तीन तासांच्या चार-पाच तालमी, शेवटची त्याच मंचावर. एकलवादक बहुधा शेवटच्या दोनांनाच. एवढ्या कमी पुरतात, कारण प्रत्येकाने आपला पार्ट घरून बसवून आणलेला असतो. तालीम आपला पार्ट शिकण्यासाठी नसते, दुसऱ्याचा ऐकण्यासाठी असते.

ऑपेरा हे वेगळंच प्रकरण. गायक भूमिका पाठ करूनच येतात. तीन ते सहा आठवडे दिग्दर्शक पियानोवर हालचाली बसवतो. तो पियानोवादक अख्खा ऑर्केस्ट्रा दोन हातांत वाजवतो, चुकलेल्या गायकाला सांभाळतो आणि गैरहजर गायकाची ओळही गुणगुणतो. ऑपेराघरात सगळ्यात कमी नावाजलेला आणि सगळ्यात जास्त लागणारा माणूस. इकडे ऑर्केस्ट्रा दोन-तीन तालमी स्वतंत्र करतो. मग 'झिट्सप्रोबं' : जर्मन शब्द, बसून केलेली तालीम. गायक वेशाशिवाय, हालचालींशिवाय, नुसते बसून पहिल्यांदाच ऑर्केस्ट्राबरोबर गातात. त्यानंतर वेश-प्रकाशासह पियानोवर एक तालीम, मग मंच आणि ऑर्केस्ट्रा मिळून तीन-चार, आणि शेवटी रंगीत तालीम.

झिट्सप्रोबं वाचवून थेट मंचावर जाणं ही नेहमीची काटकसर, आणि नेहमीच अंगाशी येते. गायकाने महिनाभर पियानोचा कोरडा ठोका ऐकलेला असतो. ऑर्केस्ट्राचा स्वर पसरट आणि किंचित उशिरा उमलणारा, तो ऐकून गायक थांबतो, कंडक्टर गायकासाठी थांबतो, आणि दोघे एकमेकांची वाट बघत लय खाली बसते.

आणखी एक, आवाजाचा वेग. सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. मंचाच्या मागे बारा मीटरवर उभ्या गायकाला पिटातला ठोका ३५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने कानावर भरवसा ठेवून गायलं की प्रेक्षकाला दोन्ही उशीर जोडून सत्तर ऐकू येतो. म्हणून कानावर जायचं नाही, कंडक्टरच्या हातावर जायचं. 'ला बोहेम'च्या दुसऱ्या अंकात मंचावरून लष्करी बँड जातो. त्यांच्यासाठी विंगेत कंडक्टरचं चित्र दाखवणारे मॉनिटर लावतात. साधा घरगुती टीव्ही आणि वायरलेस कॅमेरा लावला तर चित्रच दहावा हिस्सा सेकंद मागे येतं आणि सगळा बँड मागे पडतो. सरळ केबल, कमीत कमी विलंबाचा मॉनिटर, आणि तालमीत टाळी वाजवून तपासणी.

तिसरी_घंटा

प्रयोगांच्या तारखा मध्ये एक-दोन दिवस सोडून का असतात असं कुणीतरी विचारेलच. मुख्य गायक सलग दोन रात्री अशा भूमिका गात नाही, स्वरयंत्राला निदान एक पूर्ण दिवस विश्रांती लागते. रोज प्रयोग हवे असतील तर दोन संच लागतात, म्हणजे तालमीही दुप्पट.

वन्स मोअरची हौस असणाऱ्यांसाठी : पुचिनीत सोय नाही. संगीत न थांबता पुढे जातं. मोठ्या पदानंतर टाळ्या आल्या तर कंडक्टर क्षणभर थांबेल, न थांबेल. जुन्या इटालियन ऑपेरांत पदानंतर ठळक शेवट असतो, तिथे टाळ्या हक्काच्या.

सिम्फनीत दोन भागांच्या मधे टाळ्या न वाजवण्याचा रिवाज आहे. कळत नसेल तर कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीच्या सहावीचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की जाणतेही फसतात. खरा शेवट त्याच्यानंतरच्या संथ, विझत जाणाऱ्या भागात आहे.

सेकंड_डेस्क

मधल्या टाळ्यांवरून डोळे वटारणाऱ्यांशी मी सहमत नाही. बीथोवनच्या काळी लोक मधे टाळ्या वाजवत, एखादा भाग पुन्हाही वाजवून घेत. वटारलेल्या डोळ्यांनी नवा श्रोता पुढच्या हंगामाला येत नाही. वादकांना त्रास टाळ्यांचा होत नाही, गोळीचा कागद हळू...हळू...उलगडण्याचा होतो.

तिसरी_घंटा

कागदाला अनुमोदन. टाळ्यांबाबत मतभेद कायम.

कोमल_निषाद

ऑपेरा इटालियनमध्ये, वर दिसणारी अक्षरं इंग्रजीत. मराठीत करायची ठरवली तर?

विंगेतला

हे व्हायला हवं आणि करण्यासारखं आहे. मंचाच्या वर अक्षरं दाखवायची पद्धत १९८३ साली टोरोंटोत सुरू झाली. रीत साधी आहे : एका वेळी दोन ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि संगीत वाचू शकणारा माणूस गायनाच्या स्कोअरवर क्रमांक घालून दर क्रमांकाला बटण दाबतो. संगणकावर सोडून चालत नाही, कारण लय रोज वेगळी.

देवनागरीसाठी वेगळी पथ्यं. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या दीडपट ठेवा. बारीक रेषांचा फॉन्ट नको, अंधारात शिरोरेघ विरघळते. 'प्रज्वलित'पेक्षा 'पेटलेली' लिहा, जोडाक्षर लांबून वाचता येत नाही. पांढऱ्या स्वच्छ अक्षरांपेक्षा किंचित पिवळट, मंद. मंचावर मेणबत्तीचा प्रसंग चालू असताना डोक्यावर ट्यूबलाइट नको. ओळ पुन्हा पुन्हा गायली जात असेल तर एकदाच दाखवून पाटी कोरी ठेवा. विनोदाची ओळ गायक गाईपर्यंत दाबून धरा, नाहीतर प्रेक्षक आधीच हसतात.

बोरूबहाद्दर

आणि एक गोष्ट मराठीत इंग्रजीपेक्षा चांगली होईल. 'ला बोहेम'च्या पहिल्या अंकात नायक रोडोल्फो नायिका मिमीशी आधी इटालियनमधल्या 'तुम्ही'ने बोलतो, आणि अंक संपता संपता 'तू'वर येतो. ती मात्र त्यानंतरही एकदा त्याला आदराने 'महाशय' म्हणते, थोडं चिडवत, आणि मग अगदी शेवटच्या ओळींत तीही 'तू'वर येते. सगळं प्रेम त्या सर्वनामांत आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'यू', सपाट. मराठीत फुकटात मिळतं, फक्त भाषांतर इंग्रजीवरून न करता मुळावरून केलं पाहिजे. इंग्रजीवरून करणारा पहिल्या ओळीपासून 'तू' लिहून मोकळा होईल.

पांढरी_सहा

व्वा. हे कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत वाचलं नव्हतं.

नव्याने जाणाऱ्यांसाठी कुठे बसावं तेवढं कुणीतरी लिहा, मग ज्यांना भर घालायची त्यांनी घाला.

तिसरी_घंटा

सिम्फनीला पुढच्या पाच रांगा टाळा. व्हायोलिनचे बूट दिसतात, मागची फुंकायची वाद्यं दिसत नाहीत आणि आवाजही तुकड्या-तुकड्यांत येतो. मधल्या रांगांपासून मागे किंवा वरच्या मजल्याच्या पुढच्या रांगा. आवाज तिथे मिसळून पोचतो आणि तिकीट बहुधा स्वस्त. पियानोवादकाचे हात बघायचे असतील तर मंचाकडे तोंड करून डावी बाजू. ऑपेराला अगदी कडेच्या खुर्च्या नकोत, अर्धा सेट कापला जातो. वरच्या मजल्याच्या छताखालच्या शेवटच्या रांगेतून वरची अक्षरं झाकली जात नाहीत ना, हे तिकीट घेताना विचारा.

उशिरा आलात तर पहिली छोटी रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. म्हणून कार्यक्रमाच्या सुरुवातीला दहा मिनिटांचं ओव्हर्चर असतं असं गमतीने म्हणतात. ऑपेरात मात्र दार थेट अंक संपल्यावरच उघडेल. 'ला बोहेम'चे चार अंक, संगीत पावणेदोन तासांच्या आसपास, मध्यंतरं धरून अडीच तास. लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर हाच बरा. दुसऱ्या अंकात मुलांचा कोरस आहे, खेळणीवाला आहे.

कोमल_निषाद

आणि परत यायला?

तिसरी_घंटा

चर्चगेटपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं. प्रयोग संपल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा समुद्राच्या कडेने चालत गेलेलं लवकर पोचतं. फक्त सप्टेंबरात छत्री न्या, आणि ती आत नेता येत नाही, बाहेर ठेवायचा बिल्ला जपून ठेवा.

सेकंड_डेस्क

व्हायोलिन बरोबर असेल तर मात्र टॅक्सीच.

मडगावकर

बल्बचं एक राहिलं. हल्ली १५ वॉटचा म्हणून एलईडी देतात. तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा, तारेचाच मागा.